मुलाला सरकारी शाळेत घालताय? दाखल रजिस्टरपासून दाखल्यापर्यंत सगळं सांगते

गेल्या दोनेक वर्षांत इतक्या जणांनी फोन करून मला हेच विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

आमचं थोडक्यात सांगते. २०२१ मध्ये ठाण्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही सासरच्या गावी आलो, मुलगी तेव्हा तिसरीत जाणार होती, आणि तिला इंग्लिश मीडियममधून काढून थेट जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घातली. सासूबाई सोडल्या तर सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. आज मी त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. खाली जे आहे ते झेडपी, नगरपालिका, महानगरपालिका असल्या शाळांचं, पहिली ते आठवीपर्यंतचं.

आधी कायदा, एका दमात

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, म्हटलं की लोकांना खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांची लॉटरी आठवते फक्त. ते त्या कायद्यातलं एक कलम झालं हो. २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली, ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, मग २००९ चा कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. यात गंमत अशी की ‘सक्ती’ मुलावर नाहीये, ती सरकारवर आहे. मुलाने अमुक केलंच पाहिजे असं कलम तुम्हाला त्यात सापडणार नाही. कर्तव्यं लिहिलीत ती सरकारची, शिक्षकांची आणि कलम १० मध्ये आपली, म्हणजे मुलाला शाळेत घालणं हे आईबापाचं काम. त्याला दंड मात्र नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड ठेवला होता, तेव्हाचा १ रुपया! मला विचाराल तर ते बरं होतं.

पहिलं काम: शाळा बघून या

फोनवर चौकशी करू नका, जाऊन या, आणि तेही शाळा भरलेली असताना, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. महाराष्ट्रात नियम असा की पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. गेल्यावर पोरी-पोरांचे टॉयलेट वेगळे आहेत का, त्यांना कुलूप तर नाही ना (असतं! ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून एक कुलूपबंद ठेवतात), पाणी कुठून येतं, किती शिक्षक आणि किती वर्ग, हे बघा. दोन शिक्षक आणि चार वर्ग हे चित्र बऱ्याच वाड्या-वस्त्यांवर दिसेल, त्यावरून लगेच शाळेला नावं ठेवू नका, ते दोघं कसे शिकवतात ते बघा. आमच्याकडे एक मॅडम पहिली-दुसरी एकत्र घेतात आणि दुसरीची पोरं पहिलीच्या पोरांना वाचायला बसवतात, ते बघून मी तर तिथेच खूश झाले होते.

मुंबईत असाल तर महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा ८ माध्यमांच्या आहेत, शिवाय मुंबई पब्लिक स्कूल म्हणून सीबीएसईसारख्या बोर्डांच्याही निघाल्यात, आणि दप्तर, वह्या, बूट, रेनकोट असं मिळून २७ वस्तू फुकट देतात. आमच्या गावात असलं काही नाही, हे आधीच सांगते.

दुसरं काम: ऍडमिशन

कागद नेहमीचेच. जन्माचा दाखला, आधीच्या शाळेचा दाखला म्हणजे एलसी, आधार, फोटो, असला तर जातीचा दाखला. पण यातलं काही नसेल तर? इथेच लोक परत फिरतात आणि इथेच फिरायचं नाही.

जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४. दवाखान्याच्या किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीची नोंद, अगदी काहीच नसेल तर पालकांचं लेखी प्रतिज्ञापन चालतं. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला मूल ६ वर्षांचं पूर्ण व्हायला हवं. आधार नाही म्हणूनही अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात ते स्पष्ट सांगितलंय. ते अपार आयडीचं (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) संमतीपत्र येतं ना, त्यावर सही करणं ऐच्छिक आहे, वाचून काय ते ठरवा.

आता एलसी. आमची आधीची शाळा (नाव घेत नाही) एलसी देईना, का तर लॉकडाऊनमधली फी बाकी. तीन महिने फोन, मेल, ‘मॅडम मीटिंगमध्ये आहेत’. मी इकडे रडकुंडीला आलेली. झेडपीच्या मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, “ताई, पोरगी उद्या पाठवा, कागद येत राहील.” मला वाटलं माणूस चांगला म्हणून असं म्हणतोय, चांगला आहेच, पण नंतर कळलं की कलम ५ मध्येच आहे हे: एलसी यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या सरकारी शाळेला प्रवेश थांबवता येत नाही, आणि जो मुख्याध्यापक एलसी द्यायला मुद्दाम उशीर करतो त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कागदापेक्षा जास्त डोकेदुखी ऑनलाइनची असते. मुलाचा स्टुडंट आयडी आणि पेन नंबर (पर्मनंट एज्युकेशन नंबर) जुन्या शाळेत अडकलेला असतो, नवी शाळा तिकडे ट्रान्स्फर रिक्वेस्ट टाकते, जुनीने ती ऍक्सेप्ट करायची असते. नाही केली तर नव्या मुख्याध्यापकांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवायला लावा, वरून फोन गेला की होतं. आमचं तसंच झालं.

अजून दोन गोष्टी पटकन. मूल मध्ये शाळा सोडून बसलं असेल तर त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, १० वर्षांच्या पोराला पहिलीत बसवत नाहीत, राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं असतं, आणि त्यात १४ वर्षं उलटली तरी आठवीपर्यंत शिक्षण मोफतच. आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी गाव सोडताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं, जिथे उतराल तिथल्या शाळेत ते दाखवलं की मूल बसतं. त्याहून बरं म्हणजे पोराला आजीकडे ठेवून जा, पण सगळ्यांच्या घरी आजी कुठून असणार.

प्रवेश परीक्षा, इंटरव्ह्यू, देणगी यातलं काहीही घेता येत नाही. ‘रंगरंगोटीसाठी स्वखुशीने ५०० रुपये’ वगैरे कोणी म्हणालं तर स्वखुशी असेल तरच द्या आणि पावती घ्या.

तिसरं काम, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: रजिस्टर डोळ्यांनी बघा

शाळेत एक लांबरुंद जाडजूड रजिस्टर असतं, कुठे जनरल रजिस्टर म्हणतात, कुठे दाखल-खारीज. कोपरे झिजलेलं, पाठीला खाकी पट्टी मारलेलं. तुमच्या मुलाची एक ओळ त्यात पडते: अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा. बस्स, एकच ओळ. पण पुढे एलसी त्यावरून, दहावीचं नाव त्यावरून, जातीचा दाखला काढायला त्याचाच उतारा, पासपोर्टला पण लोक तेच घेऊन जातात.

त्यामुळे शिक्षक लिहीत असतील तेव्हा समोर बसा आणि वाचून दाखवायला सांगा. माझं नाव ‘सुनंदा’, आमच्या ओळीत ‘सुनीता’ पडलं होतं, कारण वरच्या ओळीत कुठलीतरी सुनीता होती आणि गुरुजींची लय लागली होती! मी तिथेच होते म्हणून लाल शाईने दुरुस्त होऊन मुख्याध्यापकांची सही झाली, पाच मिनिटांचं काम. हेच पोरगी शाळा सोडून गेल्यावर कळलं असतं तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुरावे, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या, आणि तरी होईलच असं नाही. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी, एकदा दाखला निघाला की अवघड, एवढं डोक्यात ठेवा.

जातीचा रकाना तर विशेष बघा. नुसतं ‘हिंदू’ लिहून सोडून दिलेलं किंवा पोटजात गाळलेली असं सर्रास असतं. व्हॅलिडिटीच्या, म्हणजे जात पडताळणीच्या, वेळी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात आणि मग आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठी माणसं गावोगाव फिरतात, आमच्याच शाळेत महिन्याला दोन-तीन जण तरी येतात, धूळ झटकत जुनी रजिस्टरं काढून द्यावी लागतात. तुमच्या नातवाला तसं फिरावं लागू नये असं वाटत असेल तर आजच बघा.

काय काय फुकट मिळतं

पहिली ते आठवी फी नाही. बालभारतीची पुस्तकं मोफत, जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हाच मिळायला हवीत. गणवेशाचे दोन जोड, त्यात मध्ये राज्यभर एकच गणवेश असा प्रयोग झाला, मापं चुकली, कपडे उशिरा आले, शेवटी ते परत शाळा समितीकडे आलं. आणि जेवण.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यात पालकांना बरंच करता येतं. शिजवलेलं गरम जेवण द्या हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम धान्य आणि ४५० कॅलरी, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आणि ७०० कॅलरी असं प्रमाण आहे. पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून चव रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. तुम्ही पालक आहात, बिनधास्त जा आणि म्हणा मला आज चव घ्यायचीय. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रजिस्टरमध्ये पुढच्या दोन दिवसांचं ‘चव उत्तम’ आधीच लिहून ठेवलेलं होतं! भांडले नाही, फक्त म्हटलं सर, गुरुवारची खिचडी मंगळवारीच चाखलीत होय. त्यानंतर असं झालं नाही. स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर मात्र चिडू नका, त्यांना मिळणारं मानधन अगदीच तुटपुंजं आहे.

पंगतीत एक बघा, सगळी पोरं सरमिसळ बसतात का. कोणा मुलांना वेगळं बसवणं, ताटं वेगळी ठेवणं, वरून वाढणं, हे दिसलं तर त्या दिवशीच बोला, ही अस्पृश्यता आहे आणि तो गुन्हा आहे.

वर्गात काय चालतं, काय नाही

मारायचं नाही. छडी नाही, कोंबडा नाही, उन्हात उभं करणं नाही, आणि ‘ढ’, ‘तुझ्या बापाने काय दिवे लावले’ असलं बोलणंही नाही, कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही येतात. आपल्याकडे अडचण अशी की अर्धे पालकच येऊन सांगतात, “सर, हाणा त्याला, डोळे तेवढे ठेवा.” असं सांगून आलात तर मग नंतर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

झाडलोटीवरून नेहमी वाद होतो. माझं मत सांगते: वर्ग पाळीपाळीने सगळ्यांनी झाडला, आपलं ताट आपण धुतलं, यात काही वाईट नाही, पोरं शिकतात. पण टॉयलेट धुवायला लावणं नाही, आणि झाडू नेहमी त्याच दोन-तीन पोरांच्या किंवा फक्त पोरींच्याच हातात असेल तर ती झाडलोट नाही.

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८. राष्ट्रगीताचं पण एक सांगते, केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण त्यांच्या पंथामुळे म्हणायची नाहीत, शाळेने काढून टाकलं, तर १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. म्हणजे मान ठेवायलाच हवा, पण जबरदस्ती नाही.

परीक्षेचं बदललंय. पूर्वी आठवीपर्यंत नापासच करायचे नाहीत, आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, राहिला तर पुन्हा परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. पण शाळेतून काढून टाकणं, ते आठवी होईपर्यंत कोणत्याही कारणाने नाही. शिक्षकांनी खासगी ट्यूशन घ्यायला बंदी आहे, ‘माझ्याकडे क्लास लाव म्हणजे मार्क मिळतील’ असं कानावर आलं तर तेवढं लक्षात ठेवा.

मूल दिव्यांग असेल तर २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, निदान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. रॅम्प, लेखनिक, जादा वेळ हे सगळं आधीच लेखी मागा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

सुरक्षेचं

शाळेत तक्रार पेटी हवी आणि ती उघडली जायला हवी. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची) हवी, तिची नावं भिंतीवर हवीत. मुलाने अंगाला हात लावण्याबद्दल काही सांगितलं तर पहिलं वाक्य “तू तिथे गेलीसच कशाला” हे नको. ऐकून घ्या, सारखं सारखं विचारून भंडावू नका, आणि थेट पोलीस किंवा १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. पॉक्सो कायद्यात असं काही कळल्यावर कळवणं शाळेलाही बंधनकारक आहे, त्यामुळे ‘आपसात मिटवू’ म्हणणारा कोणीही असो, सरपंच असो की नात्यातला, त्याचं ऐकायचं नाही.

आपलं काय काय

पहिलं हजेरी. लग्नसराई, यात्रा, सोयाबीन काढणी, धाकट्याला सांभाळायचंय, असे करत करत पोरगं वर्षातले पन्नासेक दिवस घरी असतं आणि मग वाचता येत नाही म्हणून शिक्षकाला शिव्या. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावीपासून २२० दिवस शाळा चालायला हवी. ते दिवस शाळेने भरायचे, आपण पोराला पाठवायचं.

मुलांना शिकवायचं ते साधं आहे. वेळेवर जा, लायब्ररीचं पुस्तक परत कर, नळ बंद कर, बाकावर करकटकाने नाव कोरू नको, कोणाला आडनावावरून चिडवू नको, बाईंचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नको. हे शेवटचं आमच्याकडे झालंय, सातवीतल्या पोराने टाकला, मोबाईल बापाचा, आणि बाप म्हणतो पोरगं आहे चालायचंच.

आणि शिक्षकांवर धावून जाऊ नका. सरकारी नोकराला कामात अडवून अंगावर गेलं की पूर्वी ३५३ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेत कलम १३२. शिवाय त्यांच्यामागे कामं तरी किती. कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून बाकी अशैक्षणिक कामं द्यायची नाहीत, पण तुम्ही कुठल्याही दुपारी जा, गुरुजी एका हाताने फळ्यावर लिहितात आणि दुसऱ्या हाताने ‘तात्काळ माहिती भरा’ची ऑनलाइन फॉर्मची लिंक उघडतात.

तक्रार कुठे, कशी

क्रम पाळा, थेट मंत्र्यांना ट्विट केलं की फाईल खालीच येते. वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकच असतो, मुख्याध्यापक सचिव. दर महिन्याला मीटिंग असते, निदान कागदावर तरी. तिथे नाही झालं तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). महापालिकेत असाल तर पालिकेच्या शिक्षण विभागात जायचं. तक्रारीवर ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असं कलम ३२ सांगतं, आणि शेवटचा दरवाजा म्हणजे राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

पण तोंडी काही सांगू नका. साध्या कागदावर, तारीख टाकून, काय झालं ते चार ओळीत लिहा, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या, म्हणजे सही-शिक्का-तारीख. पोच द्यायला कां-कूं केलं तर पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. मी अख्खं एक वर्ष पाण्याच्या टाकीबद्दल तोंडी बोलत होते, “हो ताई, बघतो ताई.” पोच घेतलेला अर्ज दिला आणि अकराव्या दिवशी टाकी धुतली गेली. समितीचं प्रोसिडिंग किंवा खर्चाचा हिशोब हवा असेल आणि देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

आणि शाळा सोडताना

आठवीनंतर हा कायदा संपतो, नववीला हायस्कूलची फी विचारून घ्या (मुलींना महाराष्ट्रात बारावीपर्यंत फी माफ आहे). एलसी मागायला अर्ज द्या, आणि हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अक्षरी, सगळं त्या रजिस्टरच्या ओळीशी ताडून. आमच्या जावेच्या मुलाची घेतली तेव्हा क्लार्क म्हणाला, “वहिनी, घरी जाऊन निवांत वाचा की.” म्हटलं नको, इथेच वाचते. ‘दोन हजार अकरा’च्या जागी ‘दोन हजार बारा’ होतं. त्याने काही न बोलता दुसरा फॉर्म काढला.